मदत हवी आहे: ठाण्याहून जर्मनीला फॅक्स करायचाय, नंबर नक्की कसा लावायचा?

चरईकर | सोमवार, सकाळी ११.२०

मंडळी, मला फॅक्स पाठवायचाय. हो, फॅक्सच. आधी कारण सांगते, म्हणजे "मेल कर की" वाले प्रतिसाद जरा कमी येतील.

बाबा ऐंशीच्या दशकात काही वर्षं स्टुटगार्टजवळच्या एका कारखान्यात नोकरीला होते. त्या कंपनीकडून थोडीशी पेन्शन अजून येते आणि त्यासाठी दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. एरवी पोस्टाने पाठवतो. यंदा मध्येच बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आलं, सहीशिक्का लांबला आणि मुदत आता तोंडावर आलीय. तिकडच्या बाईंनी कळवलंय की मेलवरची स्कॅन प्रत आम्ही ग्राह्य धरत नाही, फॅक्स केलात तर धरू, मूळ कागद मागाहून येऊ द्या. फॅक्स म्हणजे तरी स्कॅनच ना! पण पेन्शन त्यांच्या हातात आहे, वाद कोण घालणार.

वागळे इस्टेटला मामाचं ऑफिस आहे, तिथे पॅनासॉनिकचं थर्मल रोलवालं जुनं मशीन आहे. इथल्या इथे अजून झकास चालतं. मामा त्यावरून भिवंडीच्या ट्रान्सपोर्टवाल्यांना कागद पाठवतो.

पत्रावर नंबर असा छापलाय (मधले आकडे झाकलेत):

+४९ (०)७११ ××××××-४८०

मशीनवर स्टार आहे, हॅश आहे, अधिकचं चिन्ह कुठेच नाही. मग काय दाबू? कंसातला शून्य घ्यायचा की सोडायचा? आणि शेवटचं ४८० हे एक्स्टेन्शन असेल तर ते कधी दाबायचं? ऑफिसातल्या मुलाने ००४९०७११ असं धरून सगळे आकडे लावून बघितले, तर मशीनमधून "नो रिस्पॉन्स" छापलेली चिठ्ठी येते. नंबर चुकतोय की मशीन की लाइन, तेच कळत नाहीये.

खारीगावचा_राजा | सोमवार, ११.३१

फॅक्स?? ताई, कबुतर लवकर पोचेल. कळव्याच्या पुलावरून सोडा, ट्रॅफिकचा पण त्रास नाही.

(गंमत हो. माझ्याकडे उत्तर नाही, धाग्यावर लक्ष ठेवतोय.)

निवृत्त_लाइनमन | सोमवार, १२.०५

चरईकर, आधी नंबर फोडून बघा. मशीनचं नंतर.

अधिकचं चिन्ह हा आकडाच नाही. त्याचा अर्थ एवढाच, की इथे तुमच्या देशातून बाहेर पडायचा कोड लावा. आपल्याकडे तो ००. जर्मनीत आणि ब्रिटनमध्येही ००. पण अमेरिका-कॅनडातून ०११, जपानमधून ०१०, ऑस्ट्रेलियातून ००११. पत्र वाचणारा कुठल्या देशात बसलाय हे छापणाऱ्याला माहीत नसतं, म्हणून नुसतं + छापतात. मोबाइलवर शून्य दाबून धरला की + उमटतो आणि पुढचं नेटवर्क बघून घेतं. लॅण्डलाइनला आणि फॅक्सला ती सोय नाही, तिथे ०० च दाबायचे.

४९ म्हणजे जर्मनी. ७११ म्हणजे स्टुटगार्ट. आता तो कंसातला शून्य. तो जर्मनीतल्या जर्मनीत एका गावाहून दुसऱ्या गावी लावताना लागतो. आपण पुण्याला ०२० लावतो, त्यातला शून्य जसा, तसाच. परदेशातून कॉल आला की तो गाळायचा. कंसात छापलाय तो त्यासाठीच, पण निम्मे लोक तो लावतात आणि मग लाइनला शिव्या घालतात.

तर तुमचा नंबर झाला: ०० ४९ ७११ ×××××× ४८०. सगळं सलग.

४८० साठी थांबायचं नाही. जर्मन कंपन्यांत मूळ नंबरापुढे टेबलाचा नंबर जोडलेला असतो आणि तो सरळ लावला की त्याच टेबलावर वाजतं. मध्ये ऑपरेटर येत नाही. आडवी रेघ फक्त डोळ्यांच्या सोयीसाठी. कधी शेवटी -० असं दिसलं तर तो रिसेप्शनचा असतो, तो शून्य मात्र गाळायचा नाही, लावायचाच. आणि आकडे मोजत बसू नका. आपल्याकडे मुंबई-ठाण्यात आठ आकडी म्हणजे आठच, त्यांच्याकडे लांबी कमीजास्त असते. देशाचा कोड धरून एकूण १५ आकड्यांच्या वर जात नाही, हा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचा दंडक आहे.

जाता जाता: फॅक्सच्या माथ्यावर पाठवणाऱ्याचा नंबर छापला जातो. मशीनमध्ये तो +९१ २२ आणि पुढे आठ आकडे असा भरून ठेवा. ठाणे काय, नवी मुंबई काय, सगळं ०२२ मध्येच येतं, पण बाहेरच्याला ०२२ लिहून द्यायचं नाही, नुसतं २२. नाहीतर तिकडच्या बाईंचा हाच घोळ उलट्या बाजूने होईल.

वाशी_सेक्टर१७ | सोमवार, १२.४०

काकांनी नंबर चोख सांगितला. मी क्लिअरिंगच्या धंद्यात आहे, न्हावाशेवाच्या कामात वर्षानुवर्षं फॅक्सवर काढली, त्यामुळे मशीनच्या बाजूने थोडी भर घालतो.

पहिला प्रश्न: मामांच्या ऑफिसात ईपीएबीएक्स आहे का? म्हणजे बाहेर फोन लावायला आधी शून्य दाबावा लागतो का? तसं असेल तर फॅक्सलाही तो लागणार. मग एकूण शून्य होतात तीन. पहिला ईपीएबीएक्सचा, पुढचे दोन परदेशाचे. आणि पहिल्या शून्यानंतर पॉज हवाच. माणूस शून्य दाबून टोन येईपर्यंत थांबतो, मशीन थांबत नाही, ते धडाधड आकडे सोडतं. बाहेरची लाइन मिळायच्या आतच ०० निघून जातात आणि उरलेला नंबर इथल्याच एक्सचेंजला जातो. पॅनासॉनिकवर रिडायल आणि पॉज एकाच बटणावर असतं. नंबर टाकताना मध्येच ते दाबलं की पडद्यावर खूण उमटते, तेवढ्यात मशीन काही सेकंद थांबतं.

दुसरं, "नो रिस्पॉन्स" वरून काहीच कळत नाही. त्याचा अर्थ एवढाच की समोरून फॅक्सचा आवाज आला नाही. समोर बाई बोलत असेल, एंगेज असेल, रिंग जात असेल, मशीनला सगळं सारखंच. म्हणून कान लावा. कागद घाला, मॉनिटर बटण दाबा, टोन ऐका, मग हाताने एकेक आकडा दाबा. स्पीकरवर सगळं ऐकू येतं. तिकडून कर्कश लांब शिट्टी आली की स्टार्ट दाबायचं, त्याआधी नाही. शिट्टीऐवजी बाई बोलली तर ती काय म्हणते ते इथे लिहा, तिथेच निम्मं निदान होईल.

तिसरं, परदेशी कॉल जुळायला वेळ लागतो आणि मशीन नंबर लावून झाल्यावर साधारण ३५ सेकंदच वाट बघतं. तेवढ्यात शिट्टी नाही आली तर ते फोन ठेवून देतं. यावर जुनी युक्ती म्हणजे नंबराच्या शेवटी दोन-तीन पॉज टाकून ठेवायचे. पॉज संपेपर्यंत मशीनच्या मते नंबर लावणं चालूच असतं, त्यामुळे घड्याळ उशिरा सुरू होतं. हाताने लावलात तर याची गरज नाही.

पनवेल_फास्ट | सोमवार, १.१५

एवढा उपद्व्याप कशाला? इंटरनेटवरून फॅक्स पाठवायच्या ढीग साइट आहेत. पीडीएफ चढवा, नंबर टाका, काम झालं. तिथे अधिकचं चिन्हही चालतं.

वाशी_सेक्टर१७ | सोमवार, १.२२

पनवेल_फास्ट, नाव बदला आधी, हार्बरला फास्ट कुठली आलीय.

साइट चालतात, नाही म्हणत नाही. पण फुकटवाल्या बऱ्याच ठिकाणी वर त्यांची जाहिरात चिकटवतात, आणि या कागदावर बाबांची सही, जन्मतारीख, पेन्शनचा क्रमांक असणार. तो कुणाच्या सर्व्हरवर पडून राहील सांगता येत नाही. पैसे भरून, नाव असलेली सेवा घेतली तर ठीक. माझं मत विचाराल तर मामांचं मशीन चालत असताना दुसरीकडे जाऊ नये.

पनवेल_फास्ट | सोमवार, १.३०

नाव कॉलेजात असताना ठेवलंय, राहू द्या हो. सर्व्हरचा मुद्दा मान्य.

माईसाहेब_नेरूळ | सोमवार, ३.०५

थोडं विषयांतर. फॅक्स म्हटलं की मला ठाण्याचे पिवळ्या पाटीचे एसटीडी-आयएसडी-पीसीओ आठवतात. यांचे भाऊ दुबईला होते, त्यांना फोन करायला आम्ही गोखले रोडला जायचो. काचेच्या खोक्यात उभं राहायचं, समोर लाल आकडे पळायचे, आणि सगळं बोलणं त्या आकड्यांकडे बघत. एसटीडीला रात्री ११ नंतर पाव दर, त्यामुळे तेव्हा रांग. बूथवाल्याकडे फॅक्सही असायचा, पानावर पैसे. आता त्याच जागी मोबाइलच्या कव्हरांचं दुकान असेल.

चरईकर, बाबांना माझा नमस्कार सांग. डोळे सांभाळा म्हणावं, ऑपरेशननंतर वाकून काम नको.

चरईकर | सोमवार, ५.५०

माई, सांगते नक्की.

मामाकडूनच लिहितेय. ईपीएबीएक्स आहे, पण फॅक्सची लाइन त्यातून जात नाही, वेगळी थेट आहे. म्हणजे शून्य दोनच. कंसातला शून्य गाळून, मॉनिटर दाबून लावलं. शिट्टी नाही, बाई बोलली: ही सुविधा आपल्या फोनवर उपलब्ध नाही. मराठीत, मग हिंदीत, मग इंग्रजीत.

मामा म्हणतो आयएसडी (परदेशी कॉलची सोय) चालू होतं, पूर्वी तो सिंगापूरला लावायचा. पूर्वी म्हणजे कधी विचारलं तर सांगेना.

निवृत्त_लाइनमन | सोमवार, ६.२०

मग नंबर आता बरोबर आहे, दार बंद आहे. मध्ये लाइन बदलली का? तांब्याच्या तारेवरून फायबरवर नेली, प्लॅन बदलला, असं काही झालं असेल तर आयएसडी पुन्हा मागून घ्यावं लागतं. बहुतेक कनेक्शनवर ते आपण मागितल्याशिवाय उघडत नाहीत, आणि ते योग्यच आहे. ज्याच्या नावावर लाइन आहे त्यानेच अर्ज करायचा. म्हणजे मामांनी, तुम्ही नाही.

मिळालं की कुलपाचा कोडही मागून घ्या. आयएसडी उघडून द्यायचं, काम झालं की कोड टाकून बंद करायचं. उघडं ठेवू नका. ईपीएबीएक्समध्ये बाहेरून घुसून रात्रभर परदेशी कॉल फिरवणाऱ्या टोळ्या असतात, सोमवारी ऑफिस उघडल्यावर कळतं. अनोळखी परदेशी नंबरावरून एक रिंग येऊन बंद होते, तिला उलटा फोन लावायचा नाही, हेही त्या ऑफिसातल्या मुलाला सांगून ठेवा.

चरईकर | बुधवार, दुपारी २.४०

आयएसडी मिळालं. मामाला अर्ज, आधार, पुन्हा अर्ज असं करायला लागलं, कंपनीचं नाव घेत नाही.

आता नवीन दुखणं. नंबर लागतो, दोन रिंग जातात, शिट्टी येते (अंगावर काटा आला, खरंच), स्टार्ट दाबते, कागद आत सरकायला लागतो आणि पानाच्या मध्यावर कुठेतरी थांबतो. चिठ्ठी येते "कम्युनिकेशन एरर". तिकडच्या बाईंना मेल केला तर त्या म्हणतात अर्धं पान आलंय, त्यात बाबांचं नाव आहे, सही नाही. म्हणजे बाबा अर्धेच हयात.

आणि हो, लाइन फायबरवर गेलीय. काका म्हणाले तेच झालं होतं.

रबाळे_नेटवर्क | बुधवार, ३.२५

आता माझ्या कामाचं निघालं. नेटवर्कचं काम करतो, अशी तक्रार एमआयडीसीतल्या दर दुसऱ्या जुन्या ऑफिसातून येते.

तांब्याच्या तारेवर फॅक्सचा आवाज आवाज म्हणूनच जायचा. फायबरच्या डब्यातून फोन निघतो तेव्हा आवाजाचे तुकडे करून इंटरनेटसारखे पाठवले जातात. बोलताना एखादा तुकडा हरवला किंवा उशिरा आला तर कानाला पत्ताही लागत नाही. फॅक्सला लागतो. तिथे प्रत्येक तुकड्यात कागदाची एक पट्टी असते, ती गेली की दोन्ही मशीनचा मेळ तुटतो. तुम्ही ठाण्यातल्या ठाण्यात पाठवता तेव्हा अंतर कमी, टप्पे कमी, निभावतं. जर्मनीपर्यंत मध्ये किती हात बदलतात ते विचारूच नका.

यावर खरा उपाय म्हणजे टी.३८. ही फॅक्स इंटरनेटवरून नीट नेण्याचीच पद्धत आहे. कंपनीला फोन करून विचारा की या लाइनवर टी.३८ चालू आहे का. नसेल तर निदान आवाज जी.७११ मध्ये, म्हणजे फारसा न दाबता जातोय ना, एवढं विचारा. जी.७२९ सारख्या दाबून पातळ केलेल्या आवाजातून फॅक्स जाणार नाही, कितीही डोकं आपटा. पण कस्टमर केअरला यातलं काही कळेल अशी आशा धरू नका, म्हणून मशीनवर जे करता येतं ते आधी करा.

वेग उतरवा. फॅक्स सेकंदाला १४,४०० बिटच्या वेगाने बोलायला बघतो, मशीन सुपर जी३ (वेगवान जातीचं) असेल तर ३३,६०० ने. त्याला ९,६०० वर आणा. पॅनासॉनिकच्या मेन्यूत ओव्हरसीज मोड असतो, तो चालू केला की मशीन स्वतःच हळू बोलतं. तो याच कामासाठी दिलेला आहे आणि कुणीही कधीही उघडून बघत नाही. मेन्यूत ईसीएम दिसला तर तो बंद करून बघा. ईसीएम म्हणजे चुकलेला भाग पुन्हा पाठवायची सोय. ऐकायला छान, पण अशा लाइनवर ते पुन्हा पुन्हा तोच भाग पाठवत बसतं आणि शेवटी हात टेकतं. बंद केलंत तर एखादी रेघ तुटकी जाईल पण पान पोचेल. रेघ नेमकी सहीवरून गेली तर पुन्हा पाठवायचं.

रेझोल्यूशन स्टॅण्डर्डवर ठेवा. फाइन केलं की ओळी दुप्पट, वेळ जास्त, तुटायची संधी जास्त. शिक्का निळा आणि फिकट असेल तर आधी कागदाची जरा गडद झेरॉक्स काढा आणि ती घाला.

मोबाइलला जोडून करता येईल का असं कुणीतरी विचारणारच, म्हणून आधीच सांगतो: नाही. मोबाइलचा आवाज माणसाच्या बोलण्यासाठी दाबलेला असतो, त्यात फॅक्सची शिट्टी टिकत नाही.

वाशी_सेक्टर१७ | बुधवार, ३.४०

रबाळे, हे छापून मशीनवर चिकटवायला हवं.

एक भर. वेळ सांभाळा. उन्हाळ्यात ते आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे, हिवाळ्यात साडेचार. म्हणजे त्यांचे सकाळचे ९ आपल्याकडे उन्हाळ्यात साडेबारा, हिवाळ्यात दीड. फॅक्स चोवीस तास चालू असला तरी समोर माणूस असताना पाठवलेला बरा. अर्धं पान आलं की लगेच मेल करून सांगतात, जसं आता झालं. शुक्रवारी दुपारनंतर मात्र फार आशा ठेवू नका.

चरईकर | गुरुवार, दुपारी ४.१०

गेला!!! दोन्ही पानं. ओव्हरसीज मोड चालू केला. ईसीएम मेन्यूत सापडायला वेळ लागला, मॅन्युअलची पीडीएफ उघडून मामाच्या मुलीने शोधला. पान इतकं हळू सरकत होतं की मामा मध्येच "ओढू का?" म्हणाला. चिठ्ठीवर ओके आलं आणि बाईंचा मेलही आला की नीट वाचता येतंय, शिक्क्यासकट. मूळ दाखला आज स्पीड पोस्टने टाकलाय.

कंपनीला टी.३८ विचारलं. पलीकडचा मुलगा म्हणाला, "मॅडम, ते रिचार्ज आमच्याकडे नाही."

बाबांना सांगितलं तर त्यांचं पहिलं वाक्य: आमच्या वेळी ट्रंक कॉल बुक करून दिवसभर बसायचो. सगळ्यांचे मनापासून आभार, लाइनमन काकांचे आणि रबाळेंचे विशेष.

निवृत्त_लाइनमन | गुरुवार, ४.३५

छान झालं. दोन गोष्टी राहिल्या. आयएसडीला कुलूप लावलंत का? आणि ती ओकेची चिठ्ठी थर्मल कागदावर आहे, काही महिन्यांत कोरी होईल. उद्या कुणी म्हणालं की फॅक्स मुदतीत आलाच नाही तर दाखवायला काही उरायचं नाही. आजच झेरॉक्स काढा.

चरईकर | गुरुवार, ४.५०

कुलूप लावलं. झेरॉक्सला मुलगा पाठवला.

कोपरखैरणे_१९ | शुक्रवार, सकाळी १०.०५

धागा वाचून काढला, फार कामाचा. माझंही थोडं असंच आहे. मिलानच्या एका सप्लायरला लॅण्डलाइनवर फोन करायचाय, नंबर +३९ ०२ ने सुरू होतो. म्हणजे काकांच्या नियमाने ०२ मधला शून्य गाळायचा ना? ०० ३९ २ असं लावलं तर लागत नाहीये. शिवाय त्याच कंपनीच्या अमेरिकेतल्या ऑफिसचा ८०० वाला नंबर दिलाय, तोही लागत नाही.

निवृत्त_लाइनमन | शुक्रवार, १०.४०

इटली अपवाद आहे. तिथे लॅण्डलाइनचा शून्य हा नंबराचाच भाग, बाहेरून लावतानाही ठेवायचा. ०० ३९ ०२ आणि पुढे नंबर. त्यांनी तो कंसात घातलेला नाही, बघा. इटलीचा मोबाइल मात्र ३ ने सुरू होतो, त्याला शून्य नसतोच.

अमेरिकेचा ८०० म्हणजे त्यांच्याकडचा टोल-फ्री. तो त्यांच्या देशातल्या लोकांसाठी असतो, बाहेरून सहसा लागत नाही आणि लागला तरी फुकट नसतो. ८८८, ८७७, ८६६, ८५५, ८४४, ८३३ हे सगळे त्याच जातीचे. त्यांच्याकडून साधा, गावाचा कोड असलेला नंबर मागून घ्या. तो ०० १ आणि पुढे दहा आकडे असा लागेल.

कोपरखैरणे_१९ | शुक्रवार, १०.५५

मिलान लागलं. पलीकडचे इटालियनमध्ये बोलतायत, तो वेगळा धागा काढतो.